नावाने केलेली आंघोळ

टूवूंबा, २ जून २०२४

बाबा,

वर ‘तीर्थरूप’ लिहून खोडलं. घटस्फोटानंतर सासऱ्यांना मायन्यात काय लिहायचं, हे मला कुणी शिकवलेलं नाही. नमस्कार मात्र करते, तो घ्या.

आई गेल्याचं मला रेखाकडून कळलं. तुमच्या शेजारच्या रेखाचा मेसेज आला, ‘काही झालं तरी सासू होती, शेवटचं तोंड बघायला तरी यायचंस.’ मी शिफ्टवर होते. एका म्हाताऱ्या पेशंटला नव्या गुडघ्यावर चालवत होते. त्याला वॉकर धरून तसंच उभं ठेवलं आणि मेसेज पुन्हा वाचला. कोण गेलं, केव्हा गेलं, काही लिहिलेलं नाही. मला माहीत असणारच, असं तिने धरलं होतं. मग फोन केला तेव्हा समजलं की आईंना जाऊन तीन आठवडे होऊन गेले. पुढे ती आणखी काही सांगायला लागली, पण मला ऐकवेना. फोन ठेवून दिला.

मला का कळवलं नाही, हे विचारायला हे पत्र नाही. तेही विचारीन कधीतरी. आत्ताचा प्रश्न वेगळा आहे, आणि फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येत नाही, म्हणून लिहिते आहे.

इथे होशिनो नावाच्या बाई आहेत. शाळेत जपानी शिकवायच्या, आता रिटायर झाल्यात. खांदा धरला म्हणून माझ्याकडे फिजिओला आल्या आणि मग मलाच धरून बसल्या. त्यांचा आठ-दहा जणांचा ग्रुप आहे. हिवाळ्यात, म्हणजे इथल्या जून ते ऑगस्टात, डॅरिल नावाच्या एका शेतकऱ्याच्या शेतातल्या ओढ्यावर जातात. पांढरे कपडे घालायचे, कपाळाला पांढरी पट्टी बांधायची आणि खडकावरून पडणाऱ्या धारेखाली उभं राहून मंत्र म्हणायचे. त्याला मिसोगी म्हणतात. पापबिप धुण्याचं काही नाही म्हणे, जगताना माणसावर जी पुटं चढतात ती उतरवायची. पाणी असं की फ्रीजमधलं बरं. दोन वर्षं मला बोलावतायत, यंदा मी हो म्हटलं. बाबा, मला खरंच गरज आहे त्याची. घटस्फोट झाल्यापासून कुणाकडे मान वर करून बघवत नाही.

तर तयारीच्या दिवशी होशिनोने सगळ्यांना एकच गोष्ट विचारली, घरात कुणी गेलंय का? गेलं असेल तर पाण्यात उतरायचं नाही, काठावर बसायचं. त्यांच्या गावची रीत तशी आहे. आपल्यासारखाच विटाळ पाळतात ते. बाकीचे पटापट नाही म्हणाले. मी ‘विचारून सांगते’ म्हटलं. कुणीतरी गेलंय हे खरं. पण घरात?

म्हणून तुम्हाला विचारते. मला सुतक आहे का?

चारुता


टार्निट, ११ जून

चि. चारू,

आशीर्वाद. ते एकदा दिले की परत घेता येत नाहीत, कोर्टाचा हुकूम आला तरी.

पत्र आलं तेव्हा यतीन कामावर होता, त्यामुळे निवांत वाचलं. या वयात माझ्या नावाने पत्र म्हणजे एक तर डोळ्यांचा डॉक्टर, नाही तर कौन्सिल. तुझं अक्षर बघून बरं वाटलं.

आता तुझा प्रश्न. अगं, मी जन्मभर इतिहास शिकवला, धर्मशास्त्र नव्हे. पण साधं आहे, नातं जिथे कागदावर संपलं तिथे सुतकही संपलं. शिवाय खबर उशिरा आली तर नुसत्या स्नानावर भागतं, असं आमच्याकडची जुनी माणसं म्हणायची. तेव्हा तू खुशाल त्या धारेखाली उभी राहा. नंतर सुंठ घालून चहा घे आणि डोकं नीट पूस. तुझी सर्दी मला माहीत आहे.

सरिताने फार त्रास काढला नाही. छातीत कफ झाला, हॉस्पिटलात नेलं आणि आठवड्याभरात आटोपलं. सगळं इतकं घाईत झालं की कुणाला कळवलं आणि कुणाला नाही, याचा मेळ राहिला नाही. रेखाचं मनावर घेऊ नकोस, तिच्या जिभेला हाड नाही. वरणभात मात्र रोज तीच आणून देत होती.

चिन्मयीला सुट्टीत बापाकडे पाठवते आहेस ना? यतीनने तिच्या खोलीला जांभळा रंग दिलाय. तिचीच फर्माईश म्हणे. मला तिथे उभं राहवत नाही, डोळे दुखतात. पण तो रोज कामावरून आला की आधी तिथे डोकावतो.

विलास


टूवूंबा, २४ जून

बाबा,

‘नातं जिथे कागदावर संपलं तिथे सुतकही संपलं.’ किती सहज लिहिलंत. तुमच्या घरात आठ वर्षं सकाळचा पहिला चहा मी आईंच्या हातात दिलाय. तो कागदावर नव्हता.

मग मी रेखाला पुन्हा फोन केला. त्या दिवशी ती काय सांगत होती ते या वेळी पूर्ण ऐकून घेतलं. फ्युनरलच्या हॉलमध्ये सगळ्यांना सांगण्यात आलं म्हणे, की चारुताला कळवलंय, पण रजा मिळत नाही असं तिने सांगितलं. बाबा, एवढं खोटं! टार्निटमधली प्रत्येक मराठी बाई आज मला सासूच्या मरणाला रजा न काढणारी समजते. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, डँडेनॉन्गच्या वाण्याकडेसुद्धा विषय निघाला म्हणे. मला तर लाजेने अंग चोरून घ्यावंसं वाटलं, आणि मी काही केलेलं नव्हतं.

हे यतीनशिवाय कोण करणार? शाळेतून चिन्मयीला आणायला गेले होते, तिथूनच त्याला फोन लावला. तो म्हणाला, हो, मीच. कळवायचं माझ्याकडून राहिलं, नंतर विचारलं लोकांनी तेव्हा लाज वाटली, म्हणून तसं बोलून गेलो. मग मी जे तोंड सोडलं ते विचारू नका. चिन्मयी कधी गाडीत येऊन बसली मला कळलंच नाही. फोन गाडीच्या स्पीकरवर होता. तिने सगळं ऐकलं. घरी आल्यावर म्हणाली, ‘आय ॲम नॉट गोइंग टु डॅड्स.’ तिकीट कॅन्सल केलं. मी समजूत काढायला हवी होती, कळतं मला. काढली नाही. मला त्या वेळी बरं वाटलं, हेही तुम्हाला सांगते.

रविवारी ओढ्यावर गेलो, चिन्मयीला घेऊन. गवतावर पांढरं दहिवर होतं, गाडीची काच खरवडावी लागली. होशिनोने मीठ शिंपडलं आणि पुन्हा तोच प्रश्न विचारला. मी सांगितलं, हो, माझ्या घरात गेलंय कुणीतरी. तुमचं उत्तर खिशात होतं, तरी तेच तोंडातून आलं. होशिनो म्हणाली, ‘नो वरीज, यू सिट,’ आणि सगळ्यांचे टॉवेल माझ्या मांडीवर आणून टाकले.

मग सगळे होडी वल्हवल्यासारखे हात करत मंत्र म्हणायला लागले आणि एकेक जण धारेखाली गेला. डॅरिल, सहा फुटी गडी, त्याने सगळ्यांत आधी शिवी हासडली आणि मग तो रडला. का, ते त्याचं त्यालाच कळलं नाही. कुणी काही विचारलं नाही. मी प्रत्येकाला टॉवेल देत होते आणि चिन्मयी थर्मासमधलं सूप ओतत होती. इतकी माणसं मोकळी होऊन बाहेर येताना बघायची आणि आपण कोरडंच राहायचं, हे सोपं नाही.

तुम्हाला दोष देत नाही. त्या घरात माझ्याशी सरळ बोलणारे तुम्हीच होतात.

चारुता


टार्निट, २ जुलै

चि. चारू,

पत्र पोचलं. यतीनवर इतकं रागावू नये असं मला वाटतं. आई गेलेला मुलगा आहे तो, त्या दिवसांत माणूस थाऱ्यावर नसतो. झालं गेलं गंगेला मिळालं म्हणावं आणि पोरीला पाठवावं. मोठ्यांच्या भांडणात तिचा बाप का तुटावा?

इथे थंडी फार आहे. माझ्या कानातलं यंत्र बिघडलंय, दुरुस्तीला टाकायचं आहे. बाकी ठीक.

अधिक काय लिहू? लिहिण्यासारखं आहे, पण आज हात चालत नाही.

विलास


टार्निट, २२ जुलै

चि. चारू,

तुझं उत्तर आलं नाही. येणार नव्हतंच, इतपत मला कळतं.

कानातलं यंत्र बिघडलेलं नव्हतं. तिथूनच सुरुवात करतो.

तू गाडीतून फोन केलास त्या संध्याकाळी यतीन माझ्या खोलीच्या दारात आला आणि म्हणाला, ‘बाबा, तुम्ही चारूला फोन केला होता ना?’ मी कानातलं यंत्र काढून टेबलावर ठेवलं आणि वर्तमानपत्र उघडलं. तो कुकर लावायला गेला. त्याने तुझ्यापाशी स्वतःच्या डोक्यावर घेतलंय, हे मला तुझ्या पत्रातूनच कळलं. त्याने एका शब्दाने सांगितलं नाही.

कळवायचं काम माझं होतं. यतीन म्हणाला होता, बाबा, माझ्या तोंडून ती ऐकून घेणार नाही, तुम्ही सांगा. मी हो म्हटलं. सरिता हॉस्पिटलात होती तेव्हाही म्हटलं आणि गेल्यावरही म्हटलं. फोन केला नाही. हॉलमध्ये जोशीकाकूंनी विचारलं, सून नाही आली? माझ्या तोंडून निघून गेलं, कळवलंय, पण रजा मिळत नाही म्हणाली. चाळीस वर्षं पोरांना खोटं बोलू नका म्हणून शिकवलं, आणि बायको समोर पेटीत असताना मी हे बोललो.

हे जाणूनही मागचं पत्र मी तुला तसंच लिहिलं. मनात हिशेब असा, की यतीन तरुण आहे, त्याला तुझा राग झेपेल, मला झेपणार नाही. मग परवा शनिवारी बघतो तर तो जांभळ्या खोलीत पुन्हा रंगाचा हात देत होता. मी म्हटलं, आता कशाला, ती येणार नाही ना? तो म्हणाला, ‘मागच्या भिंतीवर डाग दिसतायत बाबा.’ एवढंच. माझ्याकडे न बघता रंग देत राहिला. मला तिथे उभं राहवेना, आणि या वेळी डोळे रंगाने दुखत नव्हते.

काल कम्युनिटी सेंटरमध्ये आपल्या लोकांचं महिन्याचं भजन होतं. जेवणाआधी मी माईक मागून घेतला. लोकांना वाटलं, मास्तर आता शिवकालावर बोलणार. मी म्हणालो, चारुताला कुणी कळवलं नव्हतं. कळवायचं माझ्याकडे होतं. रजेचं मी बनवून सांगितलं.

चारू, मला वाटलं होतं लोक तोंडावर थुंकतील. तर कुणीतरी म्हणालं, काका, बसा, दमला असाल. दुसरं म्हणालं, या वयात विसरायला होतंच. रेखाने ताटात भात वाढला, वर तूप. माझ्या खोटेपणाचा त्यांनी विसराळूपणा करून टाकला आणि क्षणभर मलाही तो गोड वाटला. पण मग उठून पुन्हा म्हटलं, मी विसरलो नव्हतो. तेव्हा रेखाचा हात थांबला. यतीन मागच्या रांगेत होता. तो उठून बाहेर गाडीत जाऊन बसला. मी तसाच जेवलो.

आता फोन का केला नाही ते. हे कुणाला सांगितलेलं नाही, यतीनलाही नाही.

कोर्टाचे कागद आले त्या दिवशी सरिताने तुझ्या नावाने आंघोळ केली. डोक्यावरून, गार पाण्याने, मेलेल्या माणसाची करतात तशी. मी तिला अडवलं नाही. बाहेर टॉवेल धरून उभा होतो. तू ओढ्याच्या काठी टॉवेल घेऊन बसलीस असं लिहिलंस, ते वाचून मला पत्र खाली ठेवावं लागलं.

आणि हॉस्पिटलात, शेवटच्या दोन दिवसांत, ती सारखं एकच विचारत होती. ‘अहो, नावाने केलेली आंघोळ मोडता येते का? चारूला विचारा ना.’ मी थट्टा केली, म्हटलं, आधी तू बरी हो, मग दोघी मिळून विचारा. तुला फोन केला असता तर तिचा हा निरोप द्यावा लागला असता. निरोप द्यायचा तर आंघोळीचं सांगावं लागलं असतं, आणि टॉवेल कुणी धरला तेही. म्हणून केला नाही. ती वाट बघत गेली. माझी अब्रू राखायला मी तिला तसंच जाऊ दिलं. आरशासमोर दाढी करतो तेव्हा हनुवटीच्या वर नजर जात नाही हल्ली.

क्षमा मागत नाही. यतीनला पोरगी परत मिळू दे, एवढंच मागतो.

विलास


टूवूंबा, ३१ जुलै

ती. बाबा,

या वेळी खोडलं नाही.

तुमचं पत्र वाचून आधी राग आला, तो अजून आहे. तुम्ही माझ्या लेकीला तिच्या बापापासून महिनाभर तोडलंत आणि माझ्याच तोंडून तोडलंत. तो राग इतक्यात जायचा नाही. तो गेल्याचं नाटक मी करणार नाही.

यतीनला मी फोन केला. सॉरी म्हणायला केला आणि पाच मिनिटांत पुन्हा भांडले, तू खोटं का बोललास म्हणून. तो म्हणाला, ‘बाबांकडे आता दुसरं कुणी नाही गं.’ मी फोन चिन्मयीकडे दिला. तिने आधी हुं हुं केलं आणि मग भिंतीचा जांभळा नक्की कोणता आहे यावर अर्धा तास वाद घातला. सप्टेंबरच्या सुट्टीत ती येते आहे. तिकीट काढलंय.

आता आंघोळीचं. बाबा, ते मला तेव्हाच माहीत होतं.

त्या सुट्टीत चिन्मयी तुमच्याकडे होती, विसरलात? घरी आल्यावर तिने मला सांगितलं, आजी तुझं नाव घेऊन गार पाण्याने आंघोळ करत होती आणि रडत होती, आणि आजोबा बाहेर टॉवेल घेऊन उभे होते. मग मला विचारलं, ‘म्हणजे आजीने तुला अनफ्रेंड केलं का?’ मी हो म्हटलं. दुसरं काय सांगणार? तुम्ही जे माझ्यापासून लपवायला आईंना वाट बघत ठेवलंत, ते दोन वर्षं मी उशाशी घेऊन झोपते आहे. त्या लाजेनेच तर मला ओढ्यावर नेलं. आपलं माणूस आपल्या जिवंतपणी आपल्या नावाने आंघोळ करतं, तर आपण काहीतरी घाण असणारच, असं वाटायचं.

तरी मी तुम्हाला लिहिलं. तुमच्या घरात मी मेलेली आहे, हे माहीत असून विचारलं, की मला सुतक आहे का. तुम्ही ‘नाही’ म्हणालात. त्या दिवशी मला जे वाटलं ते आईंच्या आंघोळीच्या दिवशीही वाटलं नव्हतं.

पण आई विचारत होत्या. हे तुम्ही लिहिलंत, उशिरा का होईना, आणि ते वाचून मी किचनच्या फरशीवर बसून रडले. चिन्मयीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ‘सो शी वॉन्टेड टु टेक इट बॅक.’ हो गं बाई, म्हटलं, तेच हवं होतं तिला.

अशी आंघोळ मोडायची काही रीत आहे का, हे मी होशिनोला विचारलं. ती म्हणाली, आमच्याकडे नाही. मग मी माहेरच्या गुरुजींना फोन करून विचारलं, तेही अडखळले. तेव्हा मीच ठरवलं. मला सुतक होतं, ते मी पाळलं, आणि आता ते फिटतं. ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी यंदाचं शेवटचं मिसोगी आहे. त्या दिवशी मी धारेखाली उभी राहणार आणि आईंचं नाव घेणार. मेल्या माणसाचं घेतात तसं नव्हे, सकाळी चहा देताना हाक मारायचे तसं.

तुम्ही या. यतीनला सांगून विमानाचं बघा, टूवूंबाला मी घ्यायला येईन. तुमच्या छातीला ते पाणी झेपायचं नाही आणि कानातलं यंत्र भिजून चालणार नाही, तेव्हा उतरायचा हट्ट धरू नका. हट्ट केलात तर होशिनो ओरडेल, आणि तिचं ओरडणं यंत्राशिवायही ऐकू येतं.

तुम्ही काठावर उभं राहायचं, टॉवेल घेऊन. ते काम तुम्हाला येतं. फक्त या वेळी मी बाहेर येईपर्यंत माझ्याकडे बघत राहा.

तुमची सून,
चारुता